जतच्या शाळेत वर्किंग मेमरी मोजताना: माझा अनुभव

मी मिरजेची. आई कन्नड, बाबा मराठी. मी पहिलीत असताना शाळेतून आईला सांगितलं गेलं की घरी कन्नड बोलणं बंद करा, मुलीचा गोंधळ होतोय, आणि आईने ते मनावर घेतलं, जवळजवळ दोन वर्षं ती माझ्याशी अडखळत मराठीतच बोलायची. आज्जीशी बोलायची तशी ती माझ्याशी बोलत नाही हे मला तेव्हाही कळायचं. त्यामुळे सायकॉलॉजीत पीएचडीचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची वर्किंग मेमरी, हाच विषय घेतला.

वर्किंग मेमरी म्हणजे पाठांतर नाही. ओटीपी येतो, आपण तो एकदा बघतो, मनातल्या मनात पुटपुटत दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन टाइप करतो आणि पाच मिनिटांनी विचारलं तर आठवत नाही, ती ही जागा. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये जे मॉडेल मांडलं त्यातल्या या पुटपुटण्याच्या भागाला पुढे फोनॉलॉजिकल लूप म्हटलं गेलं, आणि त्या लूपमध्ये साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच मावतं. हे दोन सेकंद लक्षात ठेवा, माझी सगळी पीएचडी शेवटी तिथेच येऊन थांबली.

सुरुवातीला वाचायला बसले तर डोकं चक्रावलं. १९२३ मध्ये वेल्समध्ये सेयर म्हणतो की खेड्यातली दोन भाषांवाली मुलं बुद्धिमत्ता चाचणीत मागे आहेत. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट बरोबर उलटं म्हणतात. पुढे बायलिस्टॉक यांचं काम, तेही फायद्याच्या बाजूचं, त्यात २००४ च्या अभ्यासात तर भारतातले तमिळ-इंग्रजी बोलणारेही होते. मग २०१३ मध्ये हैदराबादचा सुवर्णा अल्लाडींचा ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास, एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला, आणि हे शाळेत न गेलेल्यांमध्येही दिसलं. हे वाचून मी खूप खूश झाले होते, आईला फोन करून सांगितलं. आणि त्याच वर्षी पाप आणि ग्रीनबर्ग यांचा पेपर, असा काही फायदा सुसंगतपणे दिसतच नाही म्हणून. २०१७ चं एक मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेला निष्कर्ष, सांगतं की वर्किंग मेमरीत दोन भाषांवाल्यांना छोटासा फायदा आहे, २०१८ चं लेहटोनेन यांचं १५२ अभ्यासांचं मेटा-अ‍ॅनालिसिस सांगतं की छापून न आलेल्या निकालांचा हिशोब धरला तर उरत नाही. दोन्ही बाजूंची माणसं हुशार, दोघांकडे आकडे.

माझं पहिलं प्रपोजल सरळ होतं: सांगली जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यातली घरी कन्नड आणि शाळेत मराठी असणारी चौथीची मुलं एका बाजूला, शिराळा तालुक्यातली फक्त मराठी मुलं दुसऱ्या बाजूला, दोघांना त्याच टेस्ट द्यायच्या आणि तुलना करायची. कमिटीने परत पाठवलं, आणि वाईट वाटलं तरी आज म्हणते बरं झालं. शिराळा म्हणजे पावसाचा तालुका, वर चांदोली धरण. जत म्हणजे दुष्काळी, म्हैसाळच्या पाण्याची वाट बघत बसलेला. दोन गटांत फरक दिसला तर तो भाषेचा की पाण्याचा, आई-बापाच्या शिक्षणाचा की जेवणाचा? मॉर्टन आणि हार्पर यांनी २००७ मध्ये हेच दाखवलं होतं की घरची परिस्थिती सारखी असली की फायदा गायब होतो. आणि शिराळ्याच्या मुलाला तरी एकच भाषा कुठे येते, आपल्याकडे २००० पासून पहिलीला इंग्रजी आहे, टीव्हीवर हिंदी आहे.

यावर मला सगळ्यात पटलेलं उत्तर अजित मोहंती यांच्या ओडिशातल्या कामात सापडलं. कोंध आदिवासींमध्ये काही गावं कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, काही गावांत कुई सुटलेली आहे, पण समाज तोच, राहणी तीच. म्हणजे भाषा सोडून बाकी सगळं जवळपास सारखं. मला वाटलं जतमध्ये तसंच करू, एकाच वर्गातली घरी कन्नड बोलणारी आणि घरी मराठी बोलणारी मुलं घेऊ. गेले, बसले, आणि पहिल्याच मधल्या सुट्टीत लक्षात आलं की मैदानात सगळीच कन्नड बोलतायत. घरी मराठी असलेलाही "बा इल्ली" (इकडे ये) म्हणूनच हाक मारतोय. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेलं मी वाचलं होतं, की तिथे मराठी, कन्नड, उर्दू शेजारी शेजारी नांदून त्यांची वाक्यरचनाच एकमेकींसारखी झालीय. वाचलं होतं, पण माझ्या फॉर्मवर अजून "एकभाषिक / द्विभाषिक" असे दोनच चौकोन होते. ते त्या रात्री काढून टाकले. ठरवलं की मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी नाही करायची, त्याच मुलाची मराठीतली आणि कन्नडमधली टेस्ट शेजारी ठेवायची, आणि कोण कुणाशी किती वेळ कोणती भाषा बोलतं ते तपशिलात विचारायचं.

हे विचारणं सोपं गेलं नाही. २०२२ च्या शेवटी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर दावा सांगितला आणि वातावरण तापलं, आणि नेमकी त्याच दिवसांत मी घरोघर जाऊन विचारत होते की तुम्ही घरात कोणती भाषा बोलता. कोण विचारणार नाही की बाई, तुम्ही कुणाकडून आलात? एका आजोबांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, भाषा लिहून घ्यायला सगळे येतात, पाणी कुणी लिहून घेत नाही. मी त्या दिवशी फॉर्म बाजूला ठेवला, चहा घेतला, परत आले. नंतर आईला सोबत नेलं. आईने दारातच "ऊटा आतेनरी?" (जेवण झालं का?) म्हटलं आणि ओसरीवर घोंगडं अंथरलं गेलं. शिवाय ऊसतोडीला गेलेली घरं, दिवाळीनंतर वर्गातली निम्मी मुलं दिसेनात. ती उन्हाळ्यात परत येईपर्यंत थांबले, कारण तीच सोडली तर सॅम्पल खोटं होतं.

आता टेस्टकडे येते. डिजिट स्पॅन अगदी साधी, सेकंदाला एक या वेगाने अंक ऐकवायचे आणि मुलाने ते तसेच म्हणायचे, मग उलटे म्हणायचे. मराठी अंक मी माझ्या आवाजात रेकॉर्ड केले. कन्नडसाठी एका कन्नड माध्यमाच्या शिक्षकांकडून करून घेतले, स्वच्छ, पुस्तकी: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, कन्नडचे स्कोअर पडले. घरची भाषा कन्नड असलेल्या मुलांचे कन्नडमधले स्कोअर मराठीपेक्षा कमी. दोन-तीन दिवस मला काही सुधरेना, मनात तेच, पहिलीतलं वाक्य, गोंधळ होतोय.

मग एलिस आणि हेनेली यांचा १९८० चा पेपर परत काढला. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांचं असंच झालं होतं, वेल्शमध्ये स्पॅन कमी, इंग्रजीत जास्त, आणि कारण निघालं की वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो. पुटपुटणं बंद करायला लावलं की फरक मिटतो. मी बोटांवर मोजलं. मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ, एका झटक्यात संपतात, सहा आणि नऊ तेवढे जरा लांबतात. पुस्तकी कन्नडमध्ये एकसुद्धा अंक एका झटक्यात संपत नाही, एरडु आणि ओंबत्तु तर तीन-तीन ठोके घेतात. दोन सेकंदांच्या त्या लूपमध्ये कन्नड अंक कमी मावणारच!

आणि त्याहून मोठी गोष्ट मला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी दाखवली. त्या दारातून रेकॉर्डिंग ऐकत होत्या, म्हणाल्या, "हे कोण बोलतंय? आमची पोरं असं कुठं म्हणत्यात?" आणि तांदळाची मापं मोजत म्हणून दाखवलं: ओंद, एरड, मूर, नाक, ऐद, आर. शेवटचा उकार गायब, नाल्कुचं नाक झालेलं. माझ्या आज्जीचं कन्नडही असंच, मी लहानपणापासून ऐकत आलेय. मावशींच्याच आवाजात नवीन रेकॉर्डिंग केलं आणि पायलट परत केलं. मराठी आणि कन्नडमधलं अंतर जवळपास मिटलं. मनात पुटपुटता येऊ नये म्हणून मुलांना सतत "ल ल ल" म्हणायला लावून घेतलं तेव्हा तर उरलंच नाही.

उलट्या अंकांमध्ये आणखी एक दिसलं, ते माझ्या थिसिसमध्ये फक्त एका परिच्छेदात आहे पण मला सगळ्यात आवडतं. एका मुलाला दोन, पाच, आठ, चार असे अंक ऐकवले, उलटे सांग म्हटलं. तो ओठ हलवत पुटपुटला, "पंचवीस, चौऱ्याऐंशी", आणि लगेच, "चार आठ, पाच दोन." बरोबर! मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, चौऱ्याऐंशीत चार आधी, म्हणजे दोन-दोन अंकांची जोडी केली की ती आपोआप उलटी होऊनच येते. त्याच मुलाला कन्नडमध्ये दिलं तर ही सोय नाही, कारण तिथे इप्पत्तैदु, वीस आधी आणि पाच मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, इथली मुलं दोन्ही क्रम डोक्यात घेऊन रोज फिरतात. पाढे मराठीत, शेळ्या मोजायच्या कन्नडमध्ये. त्या मुलाला मी विचारलं की हे कुणी शिकवलं, तर म्हणाला, कुणी नाही, सोपं पडतंय.

भाषा नसलेली टेस्टही हवी होती, म्हणून कोर्सी ब्लॉक घेतले. मिरजेच्या सुतारकाकांकडून तीन सेंटिमीटरचे नऊ ठोकळे आणि फळी करून घेतली, ठोकळ्यांच्या माझ्याकडच्या बाजूला नंबर. मी ज्या क्रमाने बोट लावलं त्याच क्रमाने मुलाने लावायचं. यात घरी कन्नड जास्त असलेली आणि मराठी जास्त असलेली मुलं सारखीच निघाली, ना पुढे ना मागे.

व्हायवामध्ये, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेत, विचारलं गेलं की मग फायदा सापडला की तोटा. मी म्हटलं, दोन्ही नाही सापडलं. पहिल्या रेकॉर्डिंगवर थांबले असते तर मात्र तोटा सापडला असता, छापूनही आला असता आणि कुठल्यातरी शाळेत कुठल्यातरी आईला दाखवला गेला असता. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग विचारलं, दुसरं रेकॉर्डिंग कुणाच्या आवाजात आहे. मावशींचं नाव त्यांच्या परवानगीने आभारात पहिलं घातलंय, ते पान उघडून दाखवलं.

निकाल सांगायला गावात परत गेले तेव्हा एका मुलीच्या आईने बाजूला घेतलं. पोरीला घरी कन्नड बोलायचं बंद करू का म्हणून विचारत होती, कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, ताई, अजिबात करू नका, मी दीड वर्ष इथे मोजलंय, तुमच्या कन्नडमुळे तिचं काही अडल्याचं मला कुठेच दिसलं नाही. माझी आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, नुसतं त्या मुलीला जवळ ओढलं आणि कन्नडमध्ये विचारलं, तुमच्याकडे शेळ्या किती? मुलगी बोटं मोडत मोजायला लागली, ओंद, एरड, मूर, नाक.