आमची वाटचाल : शिरोलीतील तीन सर्व्हर आणि काळी खिडकी

कोल्हापुरात २००९ साली आम्ही दोघा मित्रांनी संगणक देखभालीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमचे बहुतेक काम वार्षिक कराराचे, म्हणजे प्रिंटर, यूपीएस आणि टॅलीच्या बॅकअपचे होते. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीने २०१३ मध्ये आपले जुने सर्व्हर मोडीत काढायचे ठरवले आणि त्यांच्या जागी व्हर्च्युअल मशीनचा (एका सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक आभासी संगणकांचा) एक क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरचा गट, उभारण्याचे काम आम्हाला दिले. सामायिक स्टोरेजची, म्हणजे सर्व सर्व्हर मिळून वापरतील अशा डिस्कची, वेगळी पेटी घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. म्हणून आम्ही गानेटी निवडले. गूगलमध्ये तयार झालेली ही क्लस्टर सांभाळणारी प्रणाली २००७ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली झाली होती. डीआरबीडी या नेटवर्कवरून डिस्कची प्रत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची डिस्क दोन सर्व्हरवर एकाच वेळी लिहिते, त्यामुळे तीन साधे सर्व्हर आणि एक चांगला स्विच एवढ्यावर काम भागते.

गानेटीला चकचकीत पडदा नाही. सारा कारभार कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चालतो. सुरुवातीला आम्हाला ती अडचण वाटली, आणि ग्राहकाला दाखवण्यासारखे काही नसल्यामुळे थोडी लाजही वाटत असे.

आमच्या व्यवसायाला वळण मिळाले ते २०१४ मधील एका चुकीमुळे, आणि ती चूक सर्वस्वी आमची होती. एका डिस्कने कुरकुर सुरू केली होती म्हणून ती वापरणाऱ्या व्हर्च्युअल मशीनसाठी आम्ही डिस्क बदलण्याची कमांड दिली. त्यानंतर तासाभराने फाउंड्रीच्या लेखापालांनी त्याच मशीनची मेमरी वाढवून मागितली. ते काम रांगेत गेले आणि ‘वेटिंग’ अशी स्थिती दाखवत तिथेच थांबले. वीस मिनिटे वाट पाहून, क्लस्टर अडकला असे समजून मी गानेटीचा मुख्य डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, बंद करून पुन्हा सुरू केला. मेमरी वाढली, लेखापाल खूश झाले आणि आम्ही चहा पिऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी क्लस्टरची तपासणी चालवली, तेव्हा नावापुढे ‘रिप्लेस्ड’ लागलेले काही अनोळखी व्हॉल्यूम (डिस्कचे भाग) त्या सर्व्हरवर पडून असल्याचे दिसले.

काय घडले होते ते उलगडायला आम्हाला दोन दिवस लागले. गानेटीमधील प्रत्येक काम सुरू होण्याआधी संबंधित मशीनचे किंवा सर्व्हरचे कुलूप मागते, म्हणजे तोवर दुसऱ्या कामाने त्याला हात लावू नये. ३०० जीबीच्या डिस्कची नवी प्रत सेकंदाला ३० एमबी या वेगाने मूळ प्रतीशी जुळत होती, म्हणजे त्या कामाला सुमारे पावणेतीन तास लागणार होते आणि तोवर मशीनचे कुलूप त्याच्याकडेच राहणार होते. मेमरीचे काम शहाण्यासारखे दाराबाहेर उभे होते. अडकलेले काहीच नव्हते. डीमन बंद केल्यामुळे आधीचे काम अर्धवट सुटून त्यावर ‘एरर’चा शिक्का बसला आणि जुने व्हॉल्यूम काढून टाकण्याची शेवटची पायरी राहून गेली. ‘जीएनटी-डीबग लॉक्स’ ही एक कमांड त्या दिवशी चालवली असती, तर कुलूप कोणत्या कामाकडे आहे आणि त्याच्यामागे कोण थांबले आहे, हे एका ओळीत दिसले असते. ती कमांड आमच्या सर्व्हरवर पहिल्या दिवसापासून होती.

त्यानंतर आम्ही एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. कामांची यादी, कुलपांची स्थिती, प्रत्येक सर्व्हरवरील डीआरबीडीची अवस्था आणि गानेटीच्या लॉगमधील शेवटच्या २०० ओळी ती गोळा करते आणि तारीख-वेळेच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवते. ती क्लस्टरमध्ये काहीही बदलत नाही, हा तिचा एकमेव नियम. ‘जीएनटी-क्लस्टर व्हेरिफाय’ ही सर्वांत उपयुक्त तपासणी आम्ही तिच्यात मुद्दाम घातली नाही, कारण ती तपासणी स्वतःच एक काम होऊन रांगेत जाते आणि कुलपे मागते. रांग आधीच तुंबलेली असताना तपासणीही रांगेत उभी राहिली तर निदान होणार कसे? दुसरी गोष्ट आम्ही वहीत लाल शाईने लिहून ठेवली : दुरुस्तीला बसण्याआधी वॉचर, म्हणजे गानेटीचा पहारेकरी प्रोग्राम, थांबवायचा. तो साधारणतः दर पाच मिनिटांनी फेरी मारतो आणि आम्ही आतून बंद केलेली मशीन बिचारा प्रामाणिकपणे पुन्हा सुरू करून ठेवतो.

या स्क्रिप्टच्या जोरावर आम्हाला कामे मिळू लागली. २०१६ पर्यंत प्रिंटरचे करार सोडून आम्ही केवळ क्लस्टरच्या देखभालीकडे वळलो आणि दोघांचे सहा जण झालो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि रस्ता काही दिवस बंद राहिला. फाउंड्रीत वीज नव्हती, जनरेटरचे डिझेल मोजून वापरले जात होते, आणि अशातच मास्टर, म्हणजे क्लस्टरचा कारभार पाहणाऱ्या, सर्व्हरचा यूपीएस बसला. आमच्याकडे होते ते मोबाइलचे डळमळीत इंटरनेट. त्या जोडणीवर चित्रांचा पडदा उघडलाच नसता. काळ्या खिडकीतील अक्षरे मात्र रखडत का होईना, येत होती. तिघांपैकी उरलेले दोन सर्व्हर मिळून मास्टर बदलण्यासाठी लागणारे बहुमत होत असल्यामुळे आम्ही मास्टरपद दुसऱ्याकडे दिले आणि बंद पडलेल्याला ऑफलाइन ठरवले. त्यावरील चार मशीन दुसऱ्या प्रतीवरून उठवायची होती. आमच्या सर्वांत तरुण सहकारी मुलीने घाई केली नाही. तिने आधी डीआरबीडीची स्थिती वाचली. तीन मशीनपुढे ‘अपटुडेट’ होते, तर चौथ्यापुढे ‘इनकन्सिस्टंट’, म्हणजे प्रत अर्धवट, कारण वीज गेली तेव्हा त्याची डिस्क जुळण्याच्या मधोमध होती. “सर, हे उठवायचे नाही,” असे तिने मला फोनवर सांगितले. पगाराचे, साठ्याचे आणि मेलचे मशीन त्या संध्याकाळी सुरू झाले. आराखड्यांचे मशीन आम्ही बंदच ठेवले आणि व्यवस्थापकांची नाराजी ऐकून घेतली. पाणी ओसरल्यावर जुना सर्व्हर पुन्हा क्लस्टरमध्ये जोडला, तेव्हा त्यावरील मूळ प्रतीवरून ते सुरू झाले. त्यातील एकही आराखडा गेला नव्हता.

आता आमचे काही ग्राहक प्रॉक्समॉक्स या अशाच दुसऱ्या प्रणालीकडे गेले आहेत. तिथे ब्राउझरमधला पडदा चांगला आहे आणि आम्हीही तो वापरतो. पण कोरम, म्हणजे सर्व्हरचे बहुमत, गेला की बदल नोंदवण्याची सोयच बंद होते आणि आमची माणसे टर्मिनल, म्हणजे तीच काळी खिडकी, उघडून क्लस्टरची स्थिती दाखवणारी ‘पीव्हीईसीएम स्टेटस’ ही कमांड टाइप करतात. स्क्रिप्टची प्रॉक्समॉक्ससाठीची आवृत्ती त्याच मुलीने लिहिली असून ती आता आमच्या व्यवसायात भागीदार आहे.