'अंगावरून किती गेलं?' ह्या प्रश्नाला बेळगावनं दिलेलं उत्तर

बाळंतपण झाल्यावर पहिल्या तासात आई, सासू, आशाताई, सिस्टर सगळ्याच विचारतात, अंगावरून किती गेलं? उत्तरं ठरलेली असतात. बेताचं. दोन लुगडी भिजली. नेहमीपेक्षा जरा जास्त. त्यातच एखादी जुनी बाई म्हणते, "जाऊ दे की, पोटातली घाण जातीया." खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून निपाणी-चिकोडीपर्यंत ही समजूत खोल रुजलेली आहे, आणि बाळंतिणीच्या जिवाला ती फार घातक आहे. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला 500 ते 700 मिली रक्त फिरत असतं. वार सुटल्यावर गर्भाशय आकसलं नाही, तर ज्या शिरांवर वार चिकटलेली होती त्यांची तोंडं उघडी राहतात. तिथून वाहतं ते घाण नसतं, अंगातलं चांगलं रक्त असतं.

ह्याच प्रश्नावर बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातून झालेलं काम आज जगभर वाचलं जातं. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डॉ. रिचर्ड डर्मन यांचे निबंध इंग्रजीत, सरकारी पत्रकं कानडीत, आणि ज्यांच्या घरी हे घडतं त्यातली कितीतरी घरं मराठी बोलणारी. म्हणून हे मराठीत लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी डोळ्यांचा अंदाज का चुकतो ते पाहू. नंदिनीची अर्धा लिटरची दुधाची पिशवी सगळ्यांच्या हाताखालची. तेवढं, म्हणजे 500 मिली, रक्त गेलं की त्याला प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव म्हणतात. 1000 मिली गेलं की तो गंभीर. आता एका बादलीत अर्धा लिटर पाणी घ्या, कुंकू कालवा आणि घडी घातलेल्या जुन्या सुती लुगड्यावर ओता. वरून एक ओला डाग दिसेल, बाकी सगळं आतल्या घड्यांनी पिऊन टाकलेलं असेल. तेच पाणी फरशीवर सांडलं तर खोलीभर रक्त पसरल्यासारखं दिसतं. गोधडी, शेणानं सारवलेली जमीन, कापसाचे बोळे ह्यांतून काही अंदाज लागत नाही. अनुभवी माणसाचाही नाही. वर्षानुवर्षं बाळंतपणं केलेली सिस्टरसुद्धा फसते, आणि जितकं जास्त गेलेलं असतं तितका तिचा अंदाज कमी पडत जातो.

हा फरक आकड्यात पकडला तो बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात. 123 बाळंतिणींवरचा हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. काहींचं रक्त डोळ्यांनी अंदाजलं, काहींचं खुणा केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजलं. डोळ्यांचा आकडा पिशवीपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे 'तीनशे-साडेतीनशे गेलं असेल' असं जिथं वाटतं, तिथं खरं तर 500 ची रेघ गाठलेली असू शकते.

त्या पिशवीचं नाव ब्रास-व्ही. ती तयार करणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ते ठेवलं. वस्तू अगदी साधी आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, त्याला पोटाभोवती बांधायचे दोन पट्टे, आणि खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली पिशवी, तिच्यावर मिलीच्या रेघा. साधी असली तरी ती वापरताना चुका होतात.

पहिली चूक वेळेची. कागद बाळ यायच्या आधीच अंथरला तर गर्भजल पिशवीत उतरतं आणि आकडा फुगतो. उशिरा घातला तर पहिली धार, जी बहुतेक वेळा सगळ्यात मोठी असते, ती गादीत जिरून गेलेली असते. म्हणून बाळ बाहेर आलं, नाळ बांधून कापली, पाणी वाहून गेलं की लगेच कागद कुल्ल्यांखाली सरकवायचा. पट्टे सैलसर बांधायचे आणि पिशवी पलंगाच्या कडेवरून खाली लोंबू द्यायची. लघवी पिशवीत पडू नये म्हणून मूत्राशय आधीच रिकामं करून घ्यावं. त्याचा दुसरा फायदा पिशवीपेक्षाही मोठा आहे. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं आणि नीट आकसू देत नाही. बाळंतपण जमिनीवर असेल तर पिशवी लोंबत नाही, रक्त कागदाच्या सुरकुत्यांत अडकून राहतं. कागद कडेनं उचलून ते पिशवीत ओघळू द्यायचं आणि मगच आकडा वाचायचा, पिशवी सरळ धरून, रेघ डोळ्यांसमोर आणून. भिजलेले बोळे आणि गाठी पिशवीबाहेर राहिल्या असतील तर त्या वजनकाट्यावर ठेवायच्या. कोरड्या बोळ्याचं वजन वजा केलं की साधारण एक ग्रॅम म्हणजे एक मिली. निदान तासभर मोजायचं. तरीही वाहणं थांबलं नसेल तर दोन तास.

पिशवी फक्त किती गेलं ते सांगते, कुठून गेलं ते हातानं बघावं लागतं. ओटीपोटावर हात ठेवला की गर्भाशय बेंबीच्या आसपास कवठासारखं घट्ट लागलं पाहिजे. मऊ, कणकेसारखं लागलं तर ते आकसलेलं नाही. घट्ट लागतंय आणि तरी लालभडक धार चालूच आहे, तर कुठंतरी फाटलंय, तिथं टाके हवेत. वार बाहेर आली की ताटात पसरून ती पूर्ण आहे का ते पाहायचं. तुकडा आत राहिला असेल तर कुठलंही औषध पुरं पडत नाही.

आता रक्तस्राव टाळणाऱ्या गोळीकडे. बाळ झाल्याबरोबर मिनिटाभरात मांडीत गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन, हा उपाय आजही पहिला. पण ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली, फ्रिज बंद पडला, की बाटली दिसायला तशीच राहते आणि आतलं औषध कमजोर होत जातं. वीस वर्षांपूर्वी बाळंतपणं घरात किंवा उपकेंद्रात व्हायची तेव्हा ह्या इंजेक्शनची खात्री कुणालाच देता येत नव्हती. म्हणून सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 ह्या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आकसवणाऱ्या पण फ्रिज न लागणाऱ्या, गोळीची परीक्षा झाली. 1620 बाया. 812 जणींना 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, 808 जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. देणाऱ्या 25 एएनएम, म्हणजे गावात जाणाऱ्या आपल्या सिस्टर. रक्त त्याच पिशवीत मोजलं.

निकाल 2006 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. अतिरक्तस्राव 12.0 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला, गंभीर अतिरक्तस्राव 1.2 वरून 0.2 वर. हिशेब मांडला तर शंभरात 5.6 जणी अतिरक्तस्रावातून वाचल्या, म्हणजे दर 18 जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. सरासरी रक्त 262 मिलीवरून 214 वर उतरलं. त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. जसजसे महिने गेले तसतसं दोन्ही गटांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण कमी होत गेलं, औषध नसलेल्या गटातसुद्धा. मला ह्याचा एकच अर्थ लागतो. रोज आकडा समोर दिसू लागला की हात सावध होतात, ओटीपोट वेळेवर चाचपलं जातं, बाळंतिणीला एकटं सोडलं जात नाही. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

ही गोळी घरात आणून स्वतःच्या मनानं द्यायची वस्तू नव्हे. ती कुणी आणि कधी द्यायची ह्यावरच तिचं भलंबुरं ठरतं. 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, बाळ झाल्यावर, आणि पोटात दुसरं बाळ नाही हे हातानं तपासल्यावरच. बाळ यायच्या आधी दिली तर गर्भाशय इतक्या जोरात आकसतं की ते फाटू शकतं. जुळं असेल तर आतल्या बाळाचा श्वास कोंडतो. गोळीनंतर थंडी वाजून अंग थडथडतं, ताप चढतो. घरची माणसं घाबरतात, कुणी म्हणतं हिला वारं लागलं. घोंगडं पांघरा, ताप जास्त असेल तर सिस्टरला विचारून पॅरासिटामॉल द्या, काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर मात्र तो गोळीचा नाही, जंतूंचा समजून दवाखाना गाठायचा. आणि गोळी ॲल्युमिनियमच्या पाकिटातून आधीच काढून डबीत ठेवू नये. दमट हवेत ती बाद होते, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळ्यात दमटपणा किती असतो हे वेगळं सांगायला नको.

फ्रिजच्या अडचणीवर पुढं दुसरी वाटही निघाली. कार्बेटोसिन ह्या ऑक्सिटोसिनसारख्याच औषधाची उष्णता सोसणारी जात 10 देशांतल्या 29,645 बायांवर पारखली गेली. 2018 मध्ये निकाल आला: अतिरक्तस्राव टाळण्यात ती ऑक्सिटोसिनच्या तोडीची. आणि खुणांच्या पिशवीचं मोल 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत पुन्हा सिद्ध झालं. पिशवीत मोजायचं आणि रेघ ओलांडली की एकामागून एक न करता सगळे उपचार एकदम सुरू करायचे: गर्भाशय चोळणं, आकसायचं औषध, रक्ताची गाठ टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम, सलाईन, कारण शोधणं. गंभीर अतिरक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि त्यानं होणारे मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी घटले.

500 ची रेघ सगळ्यांना सारखी नसते, हे आपल्या भागात विसरून चालणार नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. उसाच्या फडात आठव्या महिन्यापर्यंत राबलेली, 42 किलो वजनाची, हिमोग्लोबिन 8 असलेली बाई 300 मिलीतच ढासळू शकते. म्हणून तायी कार्डावरचा, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंद-कार्डावरचा, हिमोग्लोबिनचा आकडा बाळंतपणाच्या खोलीत उघडा असावा, सामानात गुंडाळलेला नको. रक्तदाबाची वाट पाहू नये, तो उशिरा पडतो. आधी नाडी वाढते. वरच्या रक्तदाबाच्या आकड्याला नाडी गाठू लागली, म्हणजे दाब 100 आणि नाडी 100, तर बाई हसून बोलत असली तरी गाडी बोलवावी.

108 ला फोन करताना आणि बेळगावच्या बिम्स ह्या सरकारी रुग्णालयात किंवा दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहिताना 'खूप रक्तस्राव' असं लिहिलं तर तिथल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. रक्ताची बाटली आधी मागवायची की नाही, हे त्याला गाडी पोचायच्या आत ठरवायचं असतं. त्याला असं हवं असतं: प्रसूती 9.40, वार 9.52 ला पूर्ण. 10.05 ला पिशवीत 450, 10.20 ला 600. नाडी 118, दाब 96. हिमोग्लोबिन 8.2. ऑक्सिटोसिन 9.41 ला, ट्रॅनेक्सॅमिक 10.10 ला. रक्तगट बी पॉझिटिव्ह. सोबत नवरा आणि भाऊ, दोघंही रक्त द्यायला तयार.