नववीचा हिटलरचा धडा आणि माझं गप्प बसणं

मुलं मागून मला हिटलर म्हणतात हे मला माहीत होतं. त्याचा राग नाही यायचा, आपल्याकडे कडक बाप हिटलर, कडक सासू हिटलर आणि गणिताच्या सरांना तर पिढ्यानपिढ्या हेच नाव. पण सीबीएसईच्या नववीच्या इतिहासात नाझीवादाचा धडा होता आणि तो शिकवायला घेतला की हेच आडवं यायचं. दरवर्षी मागच्या बाकावरून एक तरी आवाज, "पण मॅडम, डिसिप्लिन तर होती ना? रस्ते पण भारी बांधले त्याने."

पहिल्या वर्षी मी चिडून अख्खा तास लेक्चर ठोकलं आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर छावण्यांचे फोटो लावले. एक मुलगी उठून बाहेर गेली ती तास संपेपर्यंत आलीच नाही, मागे दोघं खुसखुसत होते (पोरं घाबरली की हसतात हे मला फार नंतर कळलं), आणि बाकीच्यांनी वहीत '६० लाख ज्यू' लिहून खाली दोन रेघा मारल्या. झालं. परीक्षेत सगळ्यांना मार्क मिळाले आणि हिटलर तरी भारीच राहिला.

पुढच्या वर्षी ठरवलं की बोलायचं मुलांनी, मी फक्त कागद द्यायचे. वर्गातले बाक हलत नाहीत म्हणून लायब्ररीत सतरंजी टाकून गोल बसवलं. आधी नाव न लिहिता चिठ्ठ्या घेतल्या, काय विचारायचंय ते लिहा म्हणून. 'सगळे जर्मन वाईट होते का', 'ज्यू पळून का नाही गेले', 'याला मतं कोणी दिली', 'जे वाचले ते कुठे गेले', आणि एक 'हिटलर शाकाहारी होता का', तीही ठेवली. दर तासाला दोन मुलं चर्चा चालवणार, मी गोलाच्या बाहेर खुर्चीवर. नियम एकच, तुलना करायची तर आधी काय सारखं ते सांग, मग काय वेगळं ते सांग, दोन्ही जमत नसेल तर थांब.

पहिला कागद नुसत्या आकड्यांचा, पक्षाचं नाव खोडलेलं. १९२८ साली २.६ टक्के मतं, १९३० ला १८, जुलै १९३२ ला ३७, नोव्हेंबर १९३२ ला ३३. प्रश्न, तुम्ही असता तर कधी घाबरला असता? एकजण म्हणाला, "आता कशाला घाबरायचं, उतरायला लागलेत की." मग दुसरा कागद फिरला, ३० जानेवारी १९३३, याच पक्षाचा नेता चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले, खरं सांगते, ते जीभ चावून बसणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम. शेवटी त्यांनीच धडा उघडला आणि शोधलं की बहुमत नसताना राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला नेमला होता. माजी चॅन्सेलर पापेन वगैरे मंडळींना वाटत होतं की आपण याला आवरू, तेवढं मात्र मी सांगितलं, कारण ते पुस्तकात सापडत नव्हतं.

मग २७ फेब्रुवारीची संसदेची आग, दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित, आणि २३ मार्चला संसदेने कायदे करायचा अधिकारच सरकारला देऊन टाकला, ४४४ विरुद्ध ९४. एक मुलगी कधी बोलायची नाही, ती म्हणाली, "कम्युनिस्टांच्या ८१ जागा होत्या ना, त्यांची मतं यात कुठेयत?" ते तुरुंगात किंवा परागंदा, सभागृहात येऊच दिलं नव्हतं. आणि त्या सभागृहात नाझींचे वर्दीतले लोक उभे. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही आणि मीही बोलले नाही.

रस्तेवाल्या पोराला मी त्याचाच विषय दिला, जा शोधून आण. त्याने आणलं की कोलोन ते बॉनचा तो मोटाररस्ता १९३२ सालीच सुरू झाला होता, म्हणजे हिटलर यायच्या आधी. सांगताना जरा हिरमुसलाच होता बिचारा.

काहींना नाटक करायचं होतं, तू ज्यू मी नाझी. त्याला मी नाही म्हटलं, पाच मिनिटं रडायची ॲक्टिंग करून वाटतं की समजलं, आणि कोणाला तरी नाझी व्हायला मजा येतेच. त्याऐवजी शेजाऱ्यांवर बोललो, म्हणजे दुकानदार, कारकून, शिक्षक. एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरीतले ज्यू काढले, त्यात शिक्षकही. "त्यांच्या जागेवर कोण आलं?" कोणीतरी विचारलं, आणि लगेच, "मॅडम, तुम्ही गेला असता?"

पटकन 'छे' म्हणणार होते. मग म्हटलं, घराचा हप्ता असता तर कदाचित गेले असते, माहीत नाही. वर्ग एकदम शांत. त्या दिवसानंतर पोरं माझ्याशी वेगळी बोलायला लागली, आणि हिटलर हे नाव आपोआप बंद पडलं, आता बहुतेक दुसरं काहीतरी असणार.

आफ्रिकेतल्या रवांडाच्या नरसंहाराला एकच तास मिळाला. १९९४, साधारण १०० दिवस, ८ लाखांच्या आसपास माणसं मारली, आणि रेडिओवरून तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणणं. बेल्जियमच्या राजवटीपासून ओळखपत्रावर जमात लिहिलेली, नाक्यावर तेच बघायचे. एक पोरगा म्हणाला, "आपल्या ग्रुपवर पण आपण नावं ठेवतो की." दुसरा उखडला, "काहीही काय, तिथे लोक मेले!" मग सारखं काय आणि वेगळं काय यावर जे भांडण झालं ते बेल वाजली तरी चालूच.

मध्येच एका पालकांचा फोन आला, पोर्शन कधी संपणार आणि हे राजकारण कशाला. मुख्याध्यापकांना मी सगळ्या तासांचे कागद नेऊन दिले, त्यांनी चाळले आणि म्हणाले, लवकर आटपा.

राहिली ती चिठ्ठी, जे वाचले ते कुठे गेले. ज्यूंबद्दल मुलांनी शोधलं, पण मला आपल्या वळिवड्याचं सांगायचं होतं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत रशियाच्या स्टालिनने पूर्व पोलंडमधून जी माणसं सायबेरियाकडे हाकलली त्यातली जवळपास ५,००० माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे इथे कोल्हापूरशेजारी येऊन १९४३ ते १९४८ राहिली. हिटलरच्या धड्यात स्टालिन आला म्हणून पोरं गोंधळली, पोलंडवर दोघांनी मिळून हल्ला केलेला हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

आणि ती न बोलणारी मुलगी म्हणाली, "वळिवड्याचा कॅम्प म्हणजे आमचं गांधीनगर ना? माझे पणजोबा सिंधमधून आले तेव्हा त्यांना तिथलीच बराक मिळाली होती." पोलंडची माणसं गेली तिथे फाळणीची माणसं राहायला आली, हे मी तयार केलेल्या एकाही कागदावर नव्हतं. पुढचा तास तिनेच चालवला, आणि जंगलांचा धडा पार डिसेंबरपर्यंत लांबला.