तळघरातला पॅकमॅन

आज सहा महिन्यांनी आमच्या न्यू जर्सीच्या तळघरातलं पॅकमॅन या व्हिडिओ गेमचं मशीन पुन्हा उजळलं! १९८० सालचं, मिडवे कंपनीनं अमेरिकेत बनवलेलं. चित्र कडेला थरथरायचं. मॉनिटरच्या बोर्डावरचे जुने कॅपॅसिटर काढून नवे डाखले. (पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका, खरंच.)

मग लेक खेळायला उभी राहिली. तिला म्हटलं, चारही भुतांचा स्वभाव वेगळा आहे बघ. तांबडं मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं. खेळाचे जनक तोरू इवातानींनी त्यांना तसंच घडवलंय. फोनवर हा खेळ मिळतो, पण मुठीत मावणारी ती जॉयस्टिक आणि अंधारात तोंडावर पडणारा तो उजेड मिळत नाही. पहिल्या फेरीतले २४० ठिपके तिनं संपवले आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो.

आता गॅलगा या दुसऱ्या जुन्या गेमचं मशीन शोधतोय.