लुदियाचं घर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि सगळ्यात आधी शास्त्राचा, म्हणजे बायबलच्या अभ्यासाचा, तास आठवला. त्या तासाला बाईंनी ज्या बायकांची ओळख करून दिली, त्यांतली लुदिया माझ्याबरोबर कायमची राहिली. लग्नानंतर सासरचं कापडाचं दुकान माझ्याकडे आलं, तेव्हा तर ती जवळची नातेवाईकच वाटू लागली.

बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात तिचं नाव फक्त दोनदा येतं. थुवतीरा नगरची, जांभळी वस्त्रं विकणारी, देवाला भजणारी. थुवतीरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अखिसार. रंगाऱ्यांच्या संघाचा उल्लेख असलेले शिलालेख तिथे मिळाले आहेत. ही मात्र समुद्रापलीकडे, मासेदोनियातल्या, म्हणजे आजच्या ग्रीसच्या उत्तर भागातल्या, फिलिप्पै नावाच्या रोमन वसाहतीत धंदा करत होती.

जांभळ्या रंगाचं एवढं काय मोठं, असं आम्हा मुलींना वाटे. बाईंनी एकदा प्रयोगशाळेतून पोटॅशियम परमँगनेटचे चार खडे आणले. काचेच्या चंचुपात्रात टाकताच जांभळ्या रेघा पाण्यात उतरत गेल्या, आम्ही हरखून गेलो. बाईंनी स्वतःचा पांढरा रुमाल त्यात बुडवून खिडकीत वाळत घातला. मधल्या सुट्टीनंतर बघतो तर तो तपकिरी, डागाळलेला! मग बाईंनी अस्सल जांभळ्याची गोष्ट सांगितली. तो समुद्री गोगलगायींपासून काढत. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाला १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला होता. मंजिष्ठाच्या मुळ्यांपासून त्याहून स्वस्त रंगही करत. यांतला कुठला लुदियाकडे होता हे शास्त्रात नाही, पण असा माल विकणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाची पारख आणि पैशाचा हिशेब चोख ठेवावाच लागला असणार, हे मी गल्ल्यावर बसून खात्रीने सांगू शकते.

इ. स. ५० च्या सुमाराची गोष्ट. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, वेशीबाहेर नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांशी येशूची सुवार्ता सांगत फिरणारा प्रेषित पौल बोलला. लुदियाने ऐकलं, प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याचा उल्लेख नाही; घराणं तिच्या नावाने ओळखलं जातं. आणि लगेच तिने पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना आग्रह करून घरी उतरवून घेतलं.

उपदेशात बहुतेक वेळा लुदिया इथेच संपते. मला हे पटत नाही. तिची खरी कसोटी पुढे आहे. ज्या दासीच्या भविष्यकथनावर तिचे धनी पैसा कमवत होते, तिच्यातला आत्मा पौलाने काढला. मिळकत बुडाली म्हणून त्या धन्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकात ओढत नेलं. हे लोक आम्हा रोमी लोकांना न शोभणारे परिपाठ शिकवतात, असा आरोप ठेवला. फटके बसले, पाय खोड्यात अडकवले. सुटल्यावर ते दोघं गेले कुठे? लुदियाच्या घरी. तिथे बंधुजन जमलेले होते.

शहरात ज्यांची धिंड निघाली, ज्यांच्यामुळे धनाढ्यांचं नुकसान झालं, त्यांच्यासाठी एका व्यापारी बाईचं दार उघडं होतं, आणि तीही परमुलखातून आलेली. उंची माल घेणारी गिऱ्हाइकं अशाने तुटतात. दुकानाची पत, घरातली माणसं, नोकरचाकर, सगळं पणाला लागतं. तिने पाहुण्यांना मागच्या दाराने वाटेला लावलं नाही. मंडळी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय, तिच्याच घरात भरली. घर, धंदा आणि भक्ती असे तीन वेगळे कप्पे तिच्याकडे दिसत नाहीत. मला स्वतःला हे रोज जमवणं फार जड जातं, म्हणून तिच्याबद्दल आदर वाढतच जातो.

पुढे पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तिचं नाव नाही. युवदीया आणि सुंतुखे या दोन कष्टाळू बायकांची नावं आहेत. पण त्याच पत्रात पौल म्हणतो की, मासेदोनियातून निघालो तेव्हा तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही मंडळीने देण्याघेण्यात भाग घेतला नाही. थेस्सलनीका शहरातही तुम्ही एकदा नव्हे, दोनदा गरज भागवलीत. ज्या मंडळीला आरंभीच लुदियाच्या घराचं छत मिळालं, ती देणारी निघावी यात मला नवल वाटत नाही.

आता शाळेत शास्त्राचा तास घेणाऱ्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. हा पाठ १५ व्या वचनाशी थांबवू नका. मुलींना ४० व्या वचनापर्यंत वाचू द्या.