मुंबईहून नागपूर नेमके किती लांब?

मी मूळचा नागपूरचा आणि गेली कित्येक वर्षे ठाण्यात राहणारा असल्यामुळे ‘नागपूर किती लांब आणि विमानाने किती वेळ लागतो?’ हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकावा लागतो. तुम्हीही विचारलेत म्हणून यावेळी जरा सविस्तर उत्तर देतो.

अंतराचा आकडा कसे जाणार त्यावर ठरतो. सांताक्रूझचा विमानतळ आणि नागपूरचे सोनेगाव यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, मात्र तो भिवंडीजवळच्या आमणे गावापाशी सुरू होतो, तिथवरचे अंतर वेगळे. रेल्वेने हेच अंतर 837 किलोमीटर भरते, कारण लोहमार्ग मनमाडहून वर भुसावळपर्यंत चढतो आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत वळसा घालून नागपूरला पोहोचतो.

आता वेळ. ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या विमानाला 685 किलोमीटरसाठी तासभरही लागू नये, तरीही तिकिटावर दीड तासाच्या आसपासची वेळ छापलेली असते. ही वेळ विमान मुंबईतील आपल्या जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर उभे राहीपर्यंतची असते आणि तिचा बराचसा भाग जमिनीवरच खर्च होतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता येत नाहीत आणि रांग लागते. शिवाय उड्डाण बहुधा पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने होते. नागपूर पूर्वेला असल्याने विमान आधी अरबी समुद्रावर जाते आणि तिथून वळून पुन्हा किनाऱ्याकडे येते. खिडकीशी बसलेला नवखा प्रवासी इथे हमखास गोंधळतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात, म्हणून जाताना वारा पाठीशी आणि परतताना तोंडावर असतो. परतीच्या वाटेवर मुंबईजवळ उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालाव्या लागल्या, तर त्या वेगळ्याच.

नागपूरचे हे मध्यवर्ती असणे एके काळी टपाल खात्याच्या फार कामी आले. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. आमच्या गावाचा एवढा अभिमान तुम्ही चालवून घ्याल, अशी आशा आहे.

घर ते घर हिशेब केला, तर ठाण्याहून मला विमानाने साडेपाच तास लागतात आणि त्यांतला निम्म्याहून अधिक वेळ घोडबंदर रस्ता, सुरक्षा तपासणी आणि सामानाचा पट्टा यांत जातो. काम सकाळचे असेल, तर मी आदल्या संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने जाणेच पसंत करतो; तास दुपटीहून अधिक लागतात, पण त्यांतले बरेचसे झोपेत जातात.

एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही. घड्याळ दोन्हीकडे एकच असले, तरी नागपूर पूर्वेला सहा अंशांहून अधिक असल्यामुळे तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी चालतो. तेव्हा डिसेंबरात दुपारच्या विमानाने निघून उजेडात पोहोचायचे असेल, तर सहा वाजेपर्यंतचा भरवसा धरू नका.