पाचातला चौथा सभासद

फोंड्याच्या शटल बसमध्ये बसून हे लिहितेय. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका एक्सेप्शनच्या, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवणाऱ्या चुकीच्या, नावावर आहे: कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन. ‘कॉन्करंट’ म्हणजे एकाच वेळी होणारं; ते वाचलं आणि मी दोन दिवस थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) शोधत बसले. माझ्या प्रोग्राममध्ये थ्रेड होता एकच!

काम एवढंसं. गावच्या वाचनालयाची सभासद यादी अ‍ॅरेलिस्टमध्ये (जावाच्या क्रमवार यादीत) घ्यायची, वर्गणी थकलेली नावं काढायची. चवथीच्या आत हवं होतं. फॉर-ईच लूप (यादीतलं एकेक नाव घेत जाणारी फेरी) लिहिला, आत सरळ यादीवरच रिमूव्ह, म्हणजे नाव काढून टाकणं. घरी पाच नावांवर चालवून पाहिलं. चौथा थकबाकीदार होता, तो गेला, चार उरले. वाचनालयात खरी यादी लावली तर पहिलं नाव काढताच प्रोग्राम आडवा. चिटणीसकाका शेजारीच उभे. “घरी चालत होतं म्हणालीस ना गो?”

चालत होतं, तेच तर! फॉर-ईचच्या पोटात आयटरेटरच, म्हणजे यादीतलं एकेक नाव हाती देणारा, असतो. यादीत भर-घट झाली की यादी आपला मॉडकाउंट (बदलांचा आकडा) वाढवते. आयटरेटरने तो आकडा सुरुवातीला टिपलेला असतो आणि दर नेक्स्टला, म्हणजे पुढचं नाव देताना, तो ताडून बघतो. मी परस्पर नाव काढलं, आकडे जुळेनात. दोन थ्रेड लागतच नाहीत.

मग घरी कसं चाललं? यात अख्खा रविवार गेला. अ‍ॅरेलिस्टचा हॅजनेक्स्ट (पुढे कोणी उरलंय का, हे सांगणारा) एवढंच बघतो, की आपण पोचलोय तो आकडा आणि यादीची लांबी वेगळी आहे ना. चौथं नाव घेतल्यावर आकडा 4. ते काढलं, लांबीही 4. यादी संपली समजून लूप बाहेर. नेक्स्टला हाकच गेली नाही, तर ताडणार कोण? पाचवं नाव तपासलंच गेलं नव्हतं. त्या बाईंची वर्गणी भरलेली होती म्हणून माझं उत्तर बरोबर दिसलं.

मध्ये एकदा चिडून आय हा क्रमांक वापरून साधा लूपही लिहिला होता. एक्सेप्शन गेलं, पण एकाच घरातले दोन थकबाकीदार भाऊ लागोपाठ होते. थोरला निघाला, धाकटा त्याच्या जागी सरकला आणि आय पुढे गेला. असा लूप हवाच असेल तर शेवटून सुरू करा.

शेवटी आयटरेटर हातात घेतला: नेक्स्ट, तपासणी, मग आयटरेटरचंच रिमूव्ह. एका नेक्स्टला एकच रिमूव्ह. दुसऱ्यांदा केलंत तर इल्लीगल स्टेट एक्सेप्शन. आणि हो, इफमध्ये, म्हणजे अट तपासताना, नाव आणि वर्गणी बघायला दोनदा नेक्स्ट लिहू नका. दुसरा नेक्स्ट पुढचा माणूस आणतो. मी एकाचं नाव आणि दुसऱ्याची वर्गणी जुळवत होते.

नुसतं काढायचंच असेल तर 2014 च्या जावा 8 पासून रिमूव्हइफ आहे, एका ओळीत काम. मला काढलेली नावं वहीसाठी छापायचीही होती, म्हणून आयटरेटरच ठेवला.

यादी चवथीच्या दोन दिवस आधी फळ्यावर लागली. आता चाचणीला पाच नावं घेते तेव्हा चौथा आणि पाचवा, दोघेही थकबाकीदार ठेवते.